पडद्यामागचे अठरा गुण

सुज्ञ वाचकांस सविनय निवेदन की, पुढील पानांत एका चोरीची हकिगत सांगण्यात येणार आहे. या चोरीत कुलूप फुटलेले नाही, भिंतीला भोक पडलेले नाही, आणि रक्ताचा थेंबही सांडलेला नाही. तरीही तिच्यापायी एका निरपराध शिक्षिकेची नोकरी जाण्याची वेळ आली होती. चोरीस गेले होते गुण. मराठी विषयाचे, इयत्ता दहावीचे, वीसपैकी.

लेखकाचे शिक्षण नववीपर्यंतच झालेले असून तो राळेगाव तालुक्यातील एका गावी मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय करतो. तथापि गावच्या वाचनालयातील रहस्यकथांचे कपाट त्याने तळापर्यंत वाचलेले आहे. त्या वाचनातून जी काही भाषा अंगी लागली, तिच्याच आधाराने हे धाडस करीत आहे. गावाचे आणि शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

प्रकरण पहिले : फळ्यावरील आकडे

फेब्रुवारी महिन्यातील तो शुक्रवार होता. कापसाची शेवटची वेचणी उरकलेली, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रचलेल्या. मी दुकानात कनातीच्या फाटक्या कडा शिवत बसलो होतो. इतक्यात अय्यूब मिस्त्री आपली मोटारसायकल रस्त्यात तशीच उभी करून आत आला. हा माझा बालमित्र. इंजिन दुरुस्त करतो, आणि रागावला की स्वतःच इंजिनासारखा धडधडतो.

"साजिदभाई, चल शाळेत. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं बे?"

"माह्या कहकशांले सहा भेटले. वीसपैकी सहा! अन् किसनरावच्या त्या अडखळ्या पोट्ट्याले अठरा!"

माझ्या हातातील दाभण तसाच राहिला. त्याची मुलगी कहकशां म्हणजे आमच्या गावच्या जिभेवरील साखर. पंधरा ऑगस्टला ती बोलू लागली की पंचायतीचे सदस्यही मोबाइल खाली ठेवतात. आणि किसनराव पाटलांचा गोपाल! तो गुणी मुलगा आहे, परंतु त्याच्या जिभेला जन्मापासून गाठ. स्वतःचे नाव सांगताना त्याच्या कपाळावर घाम येतो. आणि ही परीक्षा तर तोंडी होती.

येथे वाचकांस थोडी माहिती देणे आवश्यक आहे. दहावीच्या मराठीत ऐंशी गुण लेखी परीक्षेचे असतात आणि वीस गुण शाळेच्या हाती असतात. पूर्वी आमच्या शाळेत हे वीस गुण लग्नातील बुंदीसारखे वाटले जात. प्रतिष्ठितांच्या ताटात दोन डाव जास्त, एवढाच काय तो फरक. गेल्या वर्षी अर्पिता मॅडम नावाच्या तरुण शिक्षिका रुजू झाल्या. त्यांनी ही रीत मोडण्याचे ठरविले. मुलांनी पडद्याआडून बोलावे, परीक्षक परगावचा असावा, त्याला फक्त क्रमांक कळावा आणि नाव कळू नये, अशी त्यांची योजना होती. पडदा माझ्याच दुकानातून गेला होता. तो मीच वर्गाच्या मधोमध बांधून दिला होता.

शाळेत फळ्याभोवती गर्दी जमली होती. यादीतील वरच्या नावांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तंटा शेवटच्या चार नावांवर होता. कहकशां सहा. सैफ अकरा. गोपाल अठरा. फरहा वीस.

फरहा माझी मुलगी. वीस हा आकडा पाहून माझी छाती क्षणभर फुगली, हे मी लपवीत नाही. परंतु अय्यूबने माझ्याकडे पाहिले आणि त्याच्या तोंडून असे शब्द बाहेर पडले की ती छाती जागच्या जागी बसली.

"पर्दा तुहा, बेटी तुही, बीस भी तुहेच! वा रे दोस्ती!"

आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या अर्पिता मॅडमकडे बोट दाखवून तो गर्जला, "सोमवारी यवतमाळले जातो. शिक्षणाधिकाऱ्याले अर्ज देतो. या बाईनं गुण विकले!"

मॅडम शिक्षणसेवक होत्या. त्यांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. असा एक अर्ज त्यांना घरी बसविण्यास पुरेसा होता. त्यांच्या हातातील खडू खाली पडला, आणि तो उचलण्याचे भानही त्यांना राहिले नाही.

प्रकरण दुसरे : भागीरथाबाईंचा ओटा

माझे पाय आपोआप गावाच्या खालच्या आळीकडे वळले. तेथे भागीरथाबाई राहतात. पस्तीस वर्षे त्यांनी या गावाला मराठी शिकविले. आता गुडघे थकले आहेत, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. परंतु गावात कोणाचे काही हरवले, कोणी खोटे बोलले, तर लोक पोलीस पाटलाकडे जाण्याआधी बाईंच्या ओट्यावर येऊन बसतात. बाई तुरीच्या शेंगा सोलत ऐकतात. ऐकता ऐकता एखादा प्रश्न विचारतात, आणि समोरच्याचे पितळ उघडे पडते.

त्या ओट्यावर पाऊल ठेवताच मला माझे शाळेचे दिवस आठवले. आम्ही निबंध लिहून दिला की बाई त्यावर आधी आकडा लिहीत नसत. लाल शाईने एक वाक्य लिहीत. माझ्या निबंधावर एकदा लिहिले होते, 'विहिरीचे वर्णन वाचून तहान लागली.' वीसपैकी किती गुण पडले होते ते आज स्मरत नाही. ते वाक्य मात्र आजही स्मरते. त्या सायंकाळी मी ती वही आईला, शेजाऱ्यांना आणि जिनिंगच्या चौकीदारालाही दाखविली होती. तेव्हा जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा, कारखाना सुरू होता. संध्याकाळी सुटीचा भोंगा वाजला की साऱ्या गावात सरकीचा वास पसरत असे. आता जिनिंगच्या आवारात बाभळी वाढल्या आहेत.

"बस साजिद," बाई म्हणाल्या. "तुह्या पावलावरून समजलं, काहीतरी मोडून आला."

मी सर्व हकिगत निवेदन केली. शेवटी बाईंनी शेंगांनी भरलेले सूप बाजूला सारले.

"पडद्याची युक्ती त्या पोरीची का?"

"होय बाई."

"चांगली हाय. मी निबंध वाचून दाखवत होती तवा तुमाले सांगत होती ना, लेहणाऱ्याचं नाव ठेवा बाजूले, नुसतं आयका? तेच केलं तिनं." त्यांनी पदराला हात पुसले. "अशी युक्ती करणारी बाई गुण विकन, हे माह्या डोक्यात बसत नाई. पण डोक्यात बसत नाई म्हून अय्यूबचा अर्ज थांबणार नाई. उद्या शनिवार. संध्याकाळपावेतो खरं काय थे निघालं पाह्यजे."

"गुन्हेगार कोण असेल, बाई?"

"गुन्हा झाला का नाई, हेच अजून ठरलं नाई. जाय, कहकशांले घेऊन ये. अन् तिच्या बापाले घरी ठेव. बाप असला की लेकरं बापाचं बोलतात."

प्रकरण तिसरे : चार साक्षी

कहकशां आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. बाईंनी तिला ओंजळभर सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, खायला दिले.

"काय बोलली होती व पोरी पडद्याआडून?"

"विषय होता 'आमच्या गावातून गेलेली गोष्ट'. मी जिनिंगच्या भोंग्यावर बोलली. दादाजी तिथं फिटर होते ना. चांगलं बोलली बाई, खरंच. पण मी सगळ्यायच्या शेवटी गेली. तोवर सर थकले असतीन. त्यायनं आयकलंच नसन."

"शेवटी गेली," बाई पुटपुटल्या, आणि आणखी एक शेंग फोडली. "बरं. जाय आता. रडू नको, डोळे चुरचुरतात मंग."

दुसरा साक्षीदार सैफ. टायरवाल्याचा मुलगा, शाळेतील पहिल्या नंबरचा वांड. तो हसतच आला.

"अकरा भेटले म्हणे तुले?"

"होय बाई! अब्बाले सांगतलं तं अब्बानं माह्या कपाळाले हात लावून पाह्यला. ताप तं नाई आला म्हणे!"

"काय बोलला होता?"

"खरं सांगू? आत गेलो, पडदा पाह्यला, मले हासूच आलं. दोन वाक्यं बोललो अन् बाहेर आलो."

"दोन वाक्यायचे अकरा?"

"सर दिलदार होते बाई. अल्ला त्यायचं भलं करो."

तो गेल्यावर बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत मला ती जुनी, फळ्यासमोरची चमक दिसली.

तिसऱ्या साक्षीदार स्वतः अर्पिता मॅडम. त्या ओट्याच्या कडेला अवघडून बसल्या.

"मी मुद्दाम परीक्षेच्या खोलीत गेलेच नाही," त्या सांगू लागल्या. "मला सर्वांचे आवाज ओळखू येतात. मी पडद्याच्या दुसऱ्या बाजूला असते तरी पडद्याचा काय उपयोग? म्हणून राळेगावहून धर्मपाल सरांना बोलावलं. तेव्हा मी नववीचा तास घेत होते. सरांनी आवाज आले त्या क्रमाने क्रमांक घालून पुढे गुण लिहिले आणि बंद पाकीट दिलं. कोणत्या क्रमांकावर कोण आहे, ती नावं नानाजींनी लिहून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कागद समोर ठेवून यादी केली. एवढंच."

"म्हणजे नाव अन् गुण यायची गाठ तुमी मारली. अन् तवा खोलीत दुसरं कोणी नव्हतं."

"नाही." मॅडमचा आवाज खाली गेला. "आणि बाई, आणखी एक गोष्ट आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी किसनरावांनी माझ्या खोलीवर नव्या तुरीची डाळ पाठवली होती. इथे शिक्षकांना देतात म्हणाले. मी ठेवून घेतली."

वाचकहो, आमच्याकडे नवी डाळ निघाली की मास्तरांच्या घरी पायलीभर पाठविण्याची रीत जुनीच आहे. परंतु अर्जामध्ये रीत लिहिली जात नाही. अर्जामध्ये डाळ लिहिली जाते.

चौथे साक्षीदार शाळेचे शिपाई नानाजी. ते उभ्यानेच बोलले.

"मॅडमनं सांगतलं, हजेरीचा नंबर नको. पोट्टे जसे लागतीन तसे लागू द्या, अन् नावं मले दाखवू नोका. म्या तसंच केलं. प्रार्थना झाली, पोट्ट्यायनं व्हरांड्यात चपलांची लाइन लावली अन् गेले लिंबाखाली पाठ करत बसाले. म्या एकेक चप्पल पाह्यली, 'हे कोणाची रे?' म्हून आवाज देल्ला, अन् नाव लेह्यलं. मंग धर्मपाल सरले आणाले स्टँडवर गेलतो. बस लेट होती. सरले खोलीत सोडलं अन् म्या ऑफिसच्या कामाले लागलो."

"चपलांची लाइन," बाई म्हणाल्या.

"हो ना. राशनच्या दुकानात लावतो तशी. आपल्या गावात चप्पल लाइनीत असली म्हणजे माणूसच उभा हाय, असं समजा. कोणी हात लावत नाई."

"कोणीच हात लावत नाई?"

"माय गं! राशनच्या लाइनीतली चप्पल हालवली तं डोकी फुटतीन बाई."

नानाजी गेले. बाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतले, पण एकही शेंग सोलली नाही.

प्रकरण चौथे : अर्धे राहिलेले वाक्य

सायंकाळी आम्ही किसनरावांकडे गेलो. त्यांनी खुर्च्या मांडल्या, चहा आणविला. परंतु त्यांच्या मिशीत संताप थरथरत होता.

"भागीरथाबाई, तुमी माह्या गुरुजन. पण सरळ सांगतो. जिंदगीत पहिल्यांदा माह्या पोराच्या बोलण्याची कोणी तारीफ केली. अन् गाव म्हणते म्या डाळ देऊन गुण घेतले! पायलीभर डाळीत अठरा गुण येतात का? असे येत असते तं म्या खुद मॅट्रिक झालो असतो!"

"गोपालले बोलवा."

गोपाल आला. उंच, खांदे पाडलेला, ओठावर नुकतीच मिसरूड फुटलेली. बाईंनी त्याला जवळ बसविले.

"बापू, तुले अठरा पडले. काय म्हणणं हाय तुह्यं?"

त्याचे ओठ मिटले, उघडले. "अ... अठ... अठरा म... मा..."

"अठरा माझे, असं म्हणते तो!" किसनराव मध्येच बोलले. "पाहा बाई, त्याच्या मेहनतीचे हायेत."

गोपालने मान जोराने हलविली. ती होकाराने हलली की नकाराने, हे कळण्याआधीच तो उठून गोठ्याकडे निघून गेला. त्या गोठ्यात आता बैल नव्हते. ट्रॅक्टर उभा होता.

रस्त्यात बाई माझा हात धरून चालत होत्या. अचानक त्या थांबल्या.

"साजिद, त्याचं वाक्य संपलं होतं का?"

"नाही बाई. पाटलांनी संपवलं."

"लहानपणापासून या पोराचं प्रत्येक वाक्य दुसऱ्यानंच संपवलं असन," त्या म्हणाल्या. "चाल, आता धर्मपाल मास्तरले फोन लाव. अन् फक्त एकच गोष्ट इचार."

त्यांनी सांगितलेला प्रश्न ऐकून मला त्याचा अर्थच कळला नाही. तरीही मी तो जसाच्या तसा विचारला. "सर, त्या दिवशी पडद्यामागून जे अगदी शेवटचे दोन आवाज आले, ते मुलांचे होते की मुलींचे?"

धर्मपाल सरांनी क्षणाचाही विलंब न करता उत्तर दिले. "दोन्ही मुलींचे. छान बोलल्या दोघी. शेवटची तर विसरताच येत नाही."

मी फोन बंद केला. यादीतील शेवटची दोन नावे माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. शेवटचे नाव फरहाचे. परंतु तिच्या आधीचे नाव होते गोपालचे!

प्रकरण पाचवे : बिजलीबाईंनी मोडलेले भांडण

शनिवारी सकाळीच आम्ही शाळेच्या स्वयंपाकघरात पोहोचलो. तेथे बिजलीबाई लहान वर्गांसाठी खिचडी शिजवितात. हे स्वयंपाकघर व्हरांड्याच्या मध्यावर आहे. परीक्षेची खोली एका टोकाला, पाण्याचा नळ दुसऱ्या टोकाला. बिजलीबाईंनी आम्हाला पाहताच पळी खाली ठेवली.

"त्या भांडणासाठी आले ना? मले तं त्याच दिवशी समजलं होतं, काहीतरी वाद होणार म्हून."

"काहून बिजलीबाई?" बाईंनी विचारले.

"अवो, माह्या दारासमोरच एका पोट्टीची चप्पल उलटी पडली होती! तळवा वर. उलटी चप्पल म्हणजे भांडणाले आवतण. माही सासू असती तं तिनं हातातलं काम टाकून सरळ केली असती. म्याई केली."

"सरळ करून तिथंच ठेवली?"

"तिथं कशी ठेवणार? खिचडीचा गंज घेऊन मले त्याच दारातून जा लागते. गरम पाणी सांडलं असतं तं चप्पल आखडून गेली असती लेकराची. उचलली अन् नळापाशी, सगळ्या चपलांच्या मांगं नेऊन ठेवली नीट जोडीनं."

"लाइन होती व थे!" मी उद्गारलो.

"लाइन? शाळेच्या दारात चपला रोजच असतात. राशन थोडीच वाटून राह्यले होते इथं?"

"कोणाची चप्पल होती?" बाईंनी शांतपणे विचारले.

"नाव नाई मले माहीत. जांभळी होती, टिकल्यावाली."

ती जांभळी, टिकल्यांची चप्पल मी ओळखत होतो. मागच्या ईदला फरहा हट्ट धरून बसली होती की तिलाही तशीच हवी. कोणासारखी? कहकशांसारखी!

प्रकरण सहावे : उलगडा

शाळा सुटल्यावर, दुपारी चारच्या सुमारास, सर्व मंडळी त्याच वर्गात जमली. अय्यूब अर्ज खिशात घालून आला होता. अर्पिता मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. किसनराव, नानाजी, बिजलीबाई, हेडमास्तर, चारही मुले हजर होती. बाईंच्या निरोपावरून धर्मपाल सर राळेगावहून बसने आले. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकले की परतीची शेवटची बस शाळेसमोरून पाच वाजता जाते, ती चुकवून चालणार नाही.

भागीरथाबाई खुर्चीवर बसल्या आणि आम्ही सारे पुन्हा विद्यार्थी झालो.

"गुण कोणी विकले नाईत," त्यांनी सुरुवात केली. "कोणी घेतलेई नाईत. घडलं काय, थे आयका. नानाजीनं चपला पाहून नावं लेह्यली. शेवटच्या चार चपला होत्या कहकशां, सैफ, गोपाल, फरहा अशा. नानाजी स्टँडवर गेला. पोट्टे लिंबाखाली. बिजलीबाईनं कहकशांची चप्पल दारातून उचलून सगळ्यायच्या मांगं ठेवली. पोरं परत आली अन् आपापल्या चपलेपाशी उभी राह्यली. लाइनीतली चप्पल कोणी हालवत नाई, म्हून कहकशांले वाटलं, आपणच शेवटी हाव. ती शेवटीच आत गेली."

"ते तिनं तुम्हाला सांगितलं होतं," मी म्हणालो.

"पहिल्याच दिवशी सांगतलं. पण यादीत तिच्या मांगं तीन नावं. मंग ती शेवटी कशी? म्हून मी धर्मपाल मास्तरले आवाज इचारले. नाव त्यायले माहीत नव्हतं, पण मुलगा का मुलगी, हे पडद्यातूनई समजते. यादीप्रमाणं शेवटून दुसरा गोपाल. त्यायनं आयकली मुलगी. म्हणजे यादीतली नावं अन् आत गेलेली माणसं एकेक घर सरकली होती."

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. अय्यूबचा हात खिशावरून खाली आला.

"कहकशांच्या नावापुढं जे सहा पडले, थे तिच्या जागी आत गेलेल्या सैफचे."

"मले वाटलंच!" सैफ ओरडला, आणि सारा वर्ग खदखदून हसला.

"सैफच्या नावापुढचे अकरा गोपालचे. गोपालच्या नावापुढचे अठरा फरहाचे. अन् फरहाच्या नावापुढचे वीस..." बाईंनी कहकशांकडे हात केला.

धर्मपाल सर म्हणाले, "जिनिंगच्या भोंग्यावर बोललेली मुलगी तूच का? बाळ, त्या दिवशी पेन खाली ठेवून ऐकलं मी."

"एक गोष्ट राह्यली," बाई पुढे म्हणाल्या. "चार पोरांचे गुण चुकले, अन् ओरडलं एकच घर. ज्यायले जास्त पडले, त्यायच्यापैकी कोणी इचारलं नाई की कसे पडले. सैफच्या बापानं कपाळाले हात लावून पाह्यला, पण शाळेत नाई आला. तू बी नाई इचारलं, साजिद."

मी मान खाली घातली. माझ्या फरहाचे दोन गुण कमी झाले होते. परंतु ती धावत जाऊन कहकशांच्या गळ्यात पडलेली पाहिली, आणि माझ्या मनातील हिशेब तेथेच मिटला.

बिजलीबाई मात्र पदराने डोळे पुसू लागल्या. "म्या तं भांडण होऊ नये म्हून केलं वो!"

अय्यूब उठला. त्याने खिशातील अर्ज काढला, चार तुकडे केले आणि अर्पिता मॅडमपुढे जाऊन हात जोडले. "मॅडम, मले माफ करा. माह्या तोंडाले ब्रेक नाई."

"मी तुमच्या जागी असते तर मीही आलेच असते," मॅडम म्हणाल्या. एवढे बोलून त्या तशाच खाली, मुलांच्या सतरंजीवर बसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्या निवांत बसल्या असाव्यात, असे मला वाटले.

हेडमास्तरांनी यादी दुरुस्त केली. प्रकरण येथे संपले, असे सर्वांना वाटले. माणसे उठू लागली. तेव्हा किसनरावांचा आवाज आला. त्यात आता राग नव्हता.

"म्हणजे माह्या पोराले अकराच."

गोपाल उभा राहिला.

"अ... अठरा मा... माझे..." किसनरावांचे ओठ हलले. बाईंनी बोट उचलून त्यांना थांबविले. "...न... नाहीत, हे... म... मला माहीत होतं. सां... सांगत होतो."

"आणि अकरा?" अर्पिता मॅडमनी विचारले.

"ते मा... माझे आहेत."

धर्मपाल सर पुढे आले. "तो मुलगा तू होतास होय! चार वेळा अडलास, पण मध्ये सोडून गेला नाहीस. वेळ संपली म्हणून मला घंटी वाजवावी लागली. तुझं शेवटचं वाक्य राहून गेलं. त्याचे गुण मला देता आले नाहीत. काय होतं ते वाक्य?"

बाहेर बसचा हॉर्न वाजला. पाच वाजले होते. धर्मपाल सरांची पिशवी खुर्चीला टांगलेली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही.

"मी आ... आमच्या ब... बैलांवर बोललो," गोपाल म्हणाला. "ते वि... विकले. मग ट्रॅक्टर आ... आला. बै... बैलांशी बोलताना मी क... कमी अडकत होतो. का... कारण..."

तो अडकला. वर्गात फक्त पंख्याचा आवाज होता. बसचा हॉर्न पुन्हा दोनदा वाजला, आणि ती धूळ उडवीत राळेगावच्या रस्त्याला लागली. कोणी उठले नाही. किसनराव पाटलांनी दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड घट्ट धरून ठेवले होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. गोपालच्या कपाळावर घाम आला, त्याने तो पुसला आणि श्वास घेतला.

"कारण ब... बैलांना घाई नव्हती."

हे लेखन शेवटपर्यंत वाचण्यास ज्यांनी आपला बहुमोल वेळ दिला, त्या सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार. लेखनात जे उणे असेल ते माझे, आणि जे बरे उतरले असेल ते भागीरथाबाईंच्या लाल शाईचे, असे समजावे.

आपला नम्र,
साजिद खाँ अजीज खाँ पठाण
मंडप-डेकोरेशन, तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ